घानाच्या निवडणुका खरोखर जमातींच्या शिरगणतीवर ठरतात का?

वडगावकर:

नमस्कार. आमच्या वडगावच्या वाचनालयात दर महिन्याला एका देशाच्या राजकारणावर चर्चा होते. या वेळी पश्चिम आफ्रिकेतील घाना हा देश निवडला असून विषय मांडण्याचे काम माझ्याकडे आले आहे. १९९२ च्या राज्यघटनेने तेथे बहुपक्षीय पद्धत परत आणली आणि तेव्हापासून २०२४ पर्यंत राष्ट्राध्यक्षपदाच्या नऊ निवडणुका झाल्या. त्यांपैकी चार वेळा, म्हणजे २०००, २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये, सत्ताधारी पक्ष हरला आणि त्याने सत्ता सोडली. ज्या देशाने १९६६ पासून १९८१ पर्यंत एकामागून एक लष्करी उठाव पाहिले, त्या देशाच्या दृष्टीने ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

मात्र मंडळातील एका ज्येष्ठ सभासदांनी विषय ऐकताच तो निकालात काढला. त्यांचे म्हणणे असे की, आशांती लोक न्यू पॅट्रिऑटिक पार्टीला म्हणजे एनपीपीला मत देतात, एवे लोक नॅशनल डेमोक्रॅटिक काँग्रेसला म्हणजे एनडीसीला देतात, उरलेले ज्याच्या हातात पैसा त्याच्या मागे जातात, तेव्हा यात अभ्यासण्यासारखे काही नाही. काकांचा मान ठेवूनही मला हे पटत नाही, कारण सीमाभागातला मराठी माणूस केवळ भाषा पाहून मत देतो असे बेंगळूरच्या किंवा मुंबईच्या वर्तमानपत्रांत छापून आले की आपल्यालाही ते अर्धवट वाटते.

माझे प्रश्न असे आहेत. मतदाराचा कल ठरवण्यात जमातीचा वाटा नेमका किती आणि महागाई, रोजगार, सरकारची कामगिरी यांचा किती? नावाला बहुपक्षीय असलेल्या या पद्धतीत दोनच पक्ष का उरले? आणि पराभूत पक्ष निकाल मान्य करतो, हे तेथे कशामुळे शक्य झाले? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

टेमाचा निपाणीकर:

आपल्या तिसऱ्या प्रश्नाविषयी थोडे लिहितो. मी मूळचा निपाणीचा असून काही वर्षे टेमा बंदराजवळील एका कारखान्यात नोकरीला होतो आणि २०१६ ची निवडणूक मी तेथे राहून पाहिली. परदेशी नागरिक म्हणून मतदान केंद्राच्या आत जाण्याचा प्रश्न नव्हता, परंतु मतमोजणी पाहण्यासाठी आत जावे लागतच नाही.

आमच्या वसाहतीजवळच्या शाळेच्या पटांगणात मांडव घालून केंद्र उभारले होते. मतदान सकाळी सात ते संध्याकाळी पाच. मतपत्रिकेवर उमेदवाराचे छायाचित्र आणि पक्षाचे चिन्ह असते, एनपीपीचा हत्ती आणि एनडीसीची छत्री, आणि मतदार अंगठा शाईत बुडवून ठसा उमटवतो. पाच वाजता रांग संपली की तेथेच, त्याच टेबलावर पेटी उपडी केली जाते. केंद्राध्यक्ष एकेक मतपत्रिका उघडून दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरतो, सर्वांना ठसा दिसेल अशी फिरवतो, आणि जमलेला जमाव मोठ्याने आकडा म्हणतो. अंधार पडल्यावर एका एजंटाने मोबाईलचा प्रकाश मतपत्रिकेवर धरला आणि मोजणी पुढे चालू राहिली. एखादा ठसा दोन चौकटींच्या मधल्या रेघेवर उमटलेला निघाला की दोन्ही पक्षांचे लोक टेबलाभोवती गोळा होत, वाद होई आणि निर्णय झाल्याशिवाय पुढची पत्रिका उचलली जात नसे.

मोजणी संपल्यावर गुलाबी कागदावर निकालाचे विवरण लिहिले जाते. त्यावर पक्षांचे पोलिंग एजंट सह्या करतात, प्रत्येकाला त्याची प्रत मिळते आणि एक प्रत केंद्रावर चिकटवली जाते. तेवढ्यात स्थानिक भाषांतील एफएम केंद्रांवर ते आकडे वाचून दाखवायला सुरुवातही झालेली असते. आपल्याकडे एजंटाला सतरा-सी नमुन्यात मिळतो तो केवळ एकूण झालेल्या मतदानाचा हिशेब, उमेदवारनिहाय आकडे मतमोजणीच्या दिवशीच कळतात. घानामध्ये त्याच रात्री दोन्ही पक्षांच्या मुख्यालयांत हजारो केंद्रांच्या सह्या केलेल्या प्रती जमा होऊ लागतात. त्यामुळे निवडणूक आयोगाने घोषणा करण्यापूर्वीच आपण हरलो की जिंकलो हे पक्षाला ठाऊक असते. २०२४ मध्ये एनपीपीचे उमेदवार महामुदु बावुमिया यांनी अधिकृत निकालाची वाट न पाहता मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी पराभव मान्य केला. त्यात त्यांचा दिलदारपणा होताच, पण या कागदांचाही भाग होता असे माझे मत आहे.

याचा अर्थ सर्व सुरळीत असते असा नव्हे. २०१२ च्या निकालावर एनपीपी न्यायालयात गेली, ती याच गुलाबी कागदांतील त्रुटींच्या आधारे: कुठे केंद्राध्यक्षाची सही नव्हती, कुठे बोटांच्या ठशांची पडताळणी न करता मतदान झाले होते. काही महिने चाललेली ती सुनावणी दूरचित्रवाणीवर थेट दाखवली गेली. आमच्या कारखान्यात जे जुने कामगार होते त्यांना पक्षकारांच्या वकिलांचे युक्तिवाद तोंडपाठ होते. २९ ऑगस्ट २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळली, न्यायाधीशांत मतभेद होते, आणि एनपीपीचे उमेदवार नाना आकुफो-अड्डो यांनी निकाल पटत नसला तरी स्वीकारत असल्याचे जाहीर केले. पुढच्याच निवडणुकीत ते निवडून आले.

आकडेमोड:

जमातीच्या प्रश्नावर मी लिहितो, कारण त्यात अंदाजापेक्षा आकडे उपयोगी पडतात.

आपल्या काकांचे म्हणणे पूर्ण चूक नाही. आशांती प्रदेशात एनपीपीला आणि पूर्वेकडील व्होल्टा प्रदेशात एनडीसीला निवडणुकीमागून निवडणूक प्रचंड आघाडी मिळत आली आहे आणि त्यामागे इतिहास आहे. एनपीपी स्वतःला डांक्वा आणि बुसिया यांच्या परंपरेचा, म्हणजे स्वतंत्र घानाचे पहिले नेते क्वामे एन्क्रुमा यांच्या विरोधकांचा वारस मानते, तर एनडीसी हा १९८१ च्या उठावाने सत्तेवर आलेल्या जेरी रॉलिंग्ज यांनी उभा केलेला पक्ष आहे आणि रॉलिंग्ज यांची आई एवे होती. घराघरांतून पक्षनिष्ठा वारशाने उतरते, हे तेथेही खरे आहे.

पण हे दोन बालेकिल्ले मिळून देश होत नाही. अकान भाषकांची संख्या देशात जवळपास निम्मी असली तरी ते एकसंध नाहीत. आशांती, फान्टे, अकिम, बोनो असे त्यांचे गट आहेत आणि फान्टे लोकांचे मत कोणाच्याही खिशात नसते. राष्ट्राध्यक्ष होण्यासाठी निम्म्याहून अधिक मते लागतात, तेवढी कोणालाच पहिल्या फेरीत मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते, म्हणून स्वतःच्या बालेकिल्ल्यावर विसंबून कोणालाही जिंकता येत नाही. २००८ मध्ये आकुफो-अड्डो पहिल्या फेरीत ४९.१३ टक्क्यांवर थांबले आणि दुसऱ्या फेरीत एनडीसीचे जॉन अट्टा मिल्स ५०.२३ टक्के मते घेऊन विजयी झाले. फरक सुमारे ४० हजार मतांचा होता, आणि टेन या एका मतदारसंघातले लांबलेले मतदान होईपर्यंत देश श्वास रोखून बसला होता.

जमातीचा सिद्धान्त कुठे तुटतो ते पाहायचे असेल तर मध्य प्रदेश, म्हणजे किनाऱ्यावरील केप कोस्टच्या आसपासचा भाग पाहावा. (आपल्या भोपाळच्या मध्य प्रदेशाशी गल्लत नको.) मिल्स हे स्वतः फान्टे आणि याच भागातले. तरीही २००० च्या दुसऱ्या फेरीत आणि २००४ मध्ये या भागाने आपल्या माणसाला नाकारून आशांती असलेल्या एनपीपीच्या जॉन कुफोर यांना कौल दिला. २००८ च्या दुसऱ्या फेरीत तोच भाग मिल्स यांच्याकडे वळला, २०१६ मध्ये एनपीपीकडे आणि २०२४ मध्ये पुन्हा एनडीसीकडे. माणूस तोच, जमात तीच, आणि कौल मात्र बदलला, याचे स्पष्टीकरण रक्तात शोधून सापडणार नाही.

२०२४ ची निवडणूक तर या दृष्टीने प्रयोगच म्हणावी. दोन्ही प्रमुख उमेदवार उत्तरेकडचे होते. एनडीसीचे जॉन महामा गोंजा समाजातील ख्रिस्ती आणि बावुमिया माम्प्रुसी समाजातील मुस्लिम. एनपीपीने प्रथमच अकान नसलेला उमेदवार दिला होता. त्यामुळे आशांती मतदार दुरावला, असे पक्षातील काही जण सांगतात आणि त्यात काही अंशी तथ्य असावे, पण आकडे पाहिले की चित्र अधिक गुंतागुंतीचे दिसते. २०२० मध्ये आकुफो-अड्डो यांना सुमारे ६७ लाख मते होती, तर २०२४ मध्ये बावुमिया यांना ४९ लाखांच्या आत. उलट महामा यांची मते ६२ लाखांवरून ६६ लाखांच्या जवळ गेली. म्हणजे विजेत्याला मिळालेली वाढ चारएक लाखांची आणि पराभूताची घट अठरा लाखांच्या आसपास. २०२० मधील सुमारे ७९ टक्के मतदान २०२४ मध्ये साठीच्या घरात आले, त्यात बालेकिल्लाही आला. आशांती प्रदेशातील बराच मतदार छत्रीकडे गेला नाही; तो घरी बसला. ज्या समाजात पक्ष बदलणे म्हणजे घराण्याशी फितुरी समजली जाते, तेथे नाराज माणूस विरोधकाला मत देण्यापेक्षा मतच देत नाही. केवळ विजेत्याची टक्केवारी पाहणाऱ्याला लाट आली असे वाटते आणि खरी गोष्ट त्याच्या नजरेतून सुटते.

तो घरी का बसला, याचे उत्तर बाजारात आहे. डिसेंबर २०२२ मध्ये महागाईचा दर ५४.१ टक्क्यांवर पोहोचला. सेडी हे तेथील चलन. २०२० मध्ये एका डॉलरला सहा सेडी पुरत, पण २०२४ च्या अखेरीस पंधराच्या आसपास लागू लागले. सरकारने परदेशी कर्जाची परतफेड थांबवली, मे २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून ३ अब्ज डॉलरचे साहाय्य घेतले, आणि त्याआधी देशांतर्गत रोख्यांची मुदत वाढवून व्याज कमी केले. हा शेवटचा निर्णय मध्यमवर्गाच्या वर्मी लागला. निवृत्त लोकांनी आयुष्यभराची पुंजी सरकारी रोख्यांत ठेवली होती. ते फेब्रुवारी २०२३ मध्ये अर्थ मंत्रालयाच्या दारात धरणे धरून बसले आणि माजी सरन्यायाधीश सोफिया अकुफो त्यांच्यात जाऊन उभ्या राहिल्या. त्या काळात अर्थव्यवस्थेचे जाणकार म्हणून मिरवणारे उपराष्ट्राध्यक्ष कोण होते? बावुमियाच. अर्थतज्ज्ञ ही त्यांची ओळख प्रचारात त्यांच्याच अंगावर आली.

याआधी उलटे घडले होते, हेही मांडणीत यावे. महामा यांच्या पहिल्या कारकिर्दीत विजेचे भारनियमन इतके वाढले की शीतगृहे, शिंपी, केशकर्तनालये सगळ्यांचे धंदे बसले, आणि २०१६ मध्ये सत्तेवर असूनही ते सुमारे दहा लाख मतांनी हरले. एनपीपीने तेव्हा माध्यमिक शिक्षण मोफत करण्याचे वचन दिले होते आणि २०१७ पासून ते पाळलेही. या योजनेचा २०२० मध्ये पक्षाला उपयोग झाला, २०२४ मध्ये ती वाचवू शकली नाही.

खानापूरकर:

वरील दोन्ही उत्तरे चांगली आहेत, पण ती वाचून घाना म्हणजे आदर्श ग्राम असा समज होण्याची भीती वाटते, म्हणून दुसरी बाजू लिहितो.

उमेदवारीपासूनच पैशाचा खेळ सुरू होतो. राष्ट्राध्यक्षपदाच्या अर्जासाठी २०२० मध्ये १ लाख सेडी आणि संसदेसाठी १० हजार सेडी भरावे लागले. बालेकिल्ल्यात तर खरी निवडणूक पक्षांतर्गत उमेदवार ठरवतानाच होते, कारण तेथे तिकीट मिळाले की खासदारकी मिळाल्यात जमा असते. ते ठरवणारे पक्षाचे प्रतिनिधी मूठभर असल्यामुळे त्यांना खूष करणे परवडते. आपल्या तालुक्यात सोसायटीच्या किंवा कारखान्याच्या निवडणुकीत मतदार मोजके असले की काय चालते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. सार्वत्रिक निवडणुकीत तांदूळ, कापड, रोकड वाटली जाते, पण मतदार घेतात सर्वांकडून आणि मत देतात हवे त्याला. तेव्हा पैशाने निकाल फिरतो यापेक्षा पैसा न वाटणारा स्पर्धेतच राहत नाही, असे म्हणणे अधिक अचूक ठरेल.

दंडेलीही आहे. दोन्ही पक्षांनी पोसलेल्या तरुणांच्या टोळ्या होत्या. ३१ जानेवारी २०१९ रोजी राजधानी अक्रामधील आयावासो वेस्ट वुओगोन येथील पोटनिवडणुकीत गोळीबार झाला, त्यावर चौकशी आयोग बसला आणि अशा टोळ्यांवर बंदी घालणारा कायदा त्याच वर्षी झाला. तरीही २०२० मध्ये टेचिमान साउथसारख्या ठिकाणी मतमोजणीच्या वेळी माणसे मारली गेली. त्यानंतर संसद १३७ विरुद्ध १३७ अशी समसमान दुभंगली, एक अपक्ष मध्ये, आणि जानेवारी २०२१ मध्ये सभापतीच्या निवडीच्या रात्री एका सन्माननीय सदस्याने चक्क मतपत्रिका उचलून सभागृहाबाहेर धूम ठोकली. सैनिकही सभागृहात शिरले. हे सर्व थेट प्रक्षेपणात देशाने पाहिले.

दोनच पक्ष का, या प्रश्नाचे माझे उत्तर असे की, तेथे सगळे काही विजेत्याच्या पदरात पडते. जिल्ह्याचा मुख्य कार्यकारी निवडून येत नाही. राष्ट्राध्यक्ष त्याचे नाव सुचवतो. राज्यघटनेनुसार बहुसंख्य मंत्री संसद सदस्यांतून घ्यावे लागतात, म्हणून खासदाराचे लक्ष सरकारवर अंकुश ठेवण्यापेक्षा मंत्रिपदाकडे असते. ठेकेदार, रस्ता, शाळेची इमारत, गावातली नोकरी, या सर्वांचा दोर राजधानीपर्यंत जातो. अशा ठिकाणी तिसऱ्या पक्षाला मत देणे म्हणजे चार वर्षे रांगेच्या बाहेर उभे राहणे. एन्क्रुमांचे नाव सांगणारा पक्ष आजही आहे, पण त्याच्या वाट्याला एक टक्कासुद्धा मुश्किलीने येतो. जिल्हा सभांच्या निवडणुका मात्र आपल्या ग्रामपंचायतींप्रमाणे पक्षविरहित असतात, आणि आपल्याप्रमाणेच कोण कोणाचा हे सर्वांना माहीत असते.

वडगावकर:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मते स्थलांतरित न होता घरी बसली, ही आकडेमोड यांची बाब मी मांडणीच्या केंद्रस्थानी ठेवीन. आणखी एक शंका आहे. व्होल्टा प्रदेश टोगोच्या सीमेवर आहे आणि एवे लोक सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत असे वाचनात आले. एवढी वेगळी ओळख असूनही त्यांचा स्वतंत्र पक्ष नाही. आपल्याकडे महाराष्ट्र एकीकरण समितीने अनेक दशके आमदार निवडून आणले, मग तेथे तसे का घडले नाही?

मलप्रभाकाठ:

या प्रश्नाची मुळे १९५६ मध्येच आहेत, हे आपल्याला विशेष वाटेल. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन टोगोलँडचे ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात विभाजन झाले. ब्रिटिशांकडील भागाने स्वतंत्र होऊ घातलेल्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, सामील व्हावे की नाही, यावर ९ मे १९५६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली सार्वमत घेतले गेले. सुमारे ५८ टक्के मते विलीनीकरणाच्या बाजूने पडली, पण एवे लोकांची वस्ती असलेल्या दक्षिण भागाचे बहुमत विरोधात होते. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला बेळगाव, निपाणी, खानापूर म्हैसूर राज्यात गेले ते कोणतेही सार्वमत न घेता. पण आकडे एकत्र मोजले की एका भागाचा नकार दुसऱ्याच्या होकारात बुडतो, हे तेथील अनुभवावरून लक्षात ठेवावे. सीमाप्रश्नात खेडे हा घटक धरावा या आपल्या जुन्या मागणीचे मर्म हेच आहे.

स्वतंत्र पक्ष नसण्याचे कारण कायद्यात आहे. तेथे टोगोलँड काँग्रेस नावाचा पक्ष होता. स्वातंत्र्यानंतर काही महिन्यांतच, १९५७ च्या अखेरीस, एन्क्रुमा सरकारने जमात, धर्म किंवा प्रदेश यांवर आधारित पक्षांना मनाई करणारा कायदा केला आणि असे सगळे लहान पक्ष बुसिया यांच्या युनायटेड पार्टीत एकवटले. सध्याच्या राज्यघटनेच्या ५५ व्या कलमातही पक्षाचे स्वरूप राष्ट्रीय असले पाहिजे, त्याचे नाव किंवा चिन्ह एखाद्या जमातीशी अथवा प्रदेशाशी जोडलेले नसावे, अशी अट आहे. म्हणून एवे मतदाराला आपली ओळख राष्ट्रीय पक्षाच्या आतच मांडावी लागते. याचे फायदेतोटे दोन्ही आहेत. एनडीसी सत्तेवर आली की व्होल्टाचा आवाज राजधानीत असतो, पण हा मतदार जाणार कुठे याची खात्री असल्याने त्याची फार मनधरणी होत नाही. समितीचे २०१३ मध्ये दोन आमदार होते, २०१८ आणि २०२३ मध्ये एकही नाही. आपला मतदार राष्ट्रीय पक्षांत विभागला तो कायद्याच्या सक्तीने नव्हे, हा फरक चर्चेत जरूर यावा.

सीमेवरच्या मतदाराकडे संशयाने पाहण्याची सवय तेथेही आहे. २०२० मध्ये आयोगाने नवी मतदारयादी करायला घेतली, त्याच सुमारास व्होल्टातील सीमावर्ती गावांत सैनिक तैनात झाले. सरकारने करोनामुळे सीमा बंद असल्याचे कारण दिले. स्थानिकांना ती आपल्याला टोगोचे ठरवून यादीबाहेर ठेवण्याची खटपट वाटली.

आणखी एक उदाहरण आपल्या श्रोत्यांना सांगावे. २०१९ मध्ये व्होल्टाच्या उत्तर भागातून ओटी हा नवा प्रदेश काढला. सान्त्रोकोफी, अकपाफू, लिकपे आणि लोलोबी ही चार गावठाणे पूर्वी होहोए मतदारसंघात मतदान करीत. प्रदेश बदलल्यामुळे ती होहोएमधून निघाली, पण त्यांचा नवा मतदारसंघ वेळेत अस्तित्वात आला नाही. २०२० च्या मतदानाच्या आदल्या रात्री निवडणूक आयोगाने कळवले की येथील लोकांना राष्ट्राध्यक्षासाठी मत देता येईल, खासदारासाठी नाही. संसदेत १३७ विरुद्ध १३७ अशी ओढाताण चालू असताना एकेका जागेला सोन्याचा भाव होता, आणि हे लोक पूर्ण चार वर्षे खासदाराविना राहिले. प्रकरण न्यायालयात फिरत राहिले. अखेर गुआन हा स्वतंत्र मतदारसंघ निर्माण होऊन संसदेच्या जागा २७५ वरून २७६ झाल्या आणि ७ डिसेंबर २०२४ रोजी तेथे खासदारकीसाठी मतदान झाले. जागा एनडीसीने जिंकली.